झुलाल आजोबांची बडगी

पंडित झोपे यांच्या घरची बडगी बोदवडमध्ये बऱ्याच जणांना माहीत होती. बडगी म्हणजे लाकडाचं लांबट, होडीसारखं कोरलेलं भांडं. भाजलेली वांगी त्यात घालायची, लाकडी मुसळीनं ठेचायची आणि भरीत करायचं. पूर्वी ती घरोघर असे. आता मिक्सर आले, स्टीलच्या पराती आल्या, आणि हिवाळ्यात शेतावर भरीत पार्टी ठरली की लोक बडगी कुणाकडून तरी मागून आणू लागले. बहुतेक वेळा पंडितनानांकडूनच. पण नाना बडगी एकटी पाठवत नसत. तिच्याबरोबर स्वतः जात, वांगी स्वतः ठेचत, आणि ठेचता ठेचता बडगीची गोष्ट सांगत.

गोष्ट अशी होती. विहिरीवरचा जुना कडुनिंब एका रात्रीच्या वादळात उन्मळून पडला. नानांचे आजोबा झुलाल झोपे यांनी त्याच्या बुंध्यातून, एक कुऱ्हाड आणि तासायला एक वाकस एवढ्याच हत्यारांनी, सात दिवसांत ही बडगी कोरली. खिळा नाही, जोड नाही.

"शंभर वर्षं झाली," नाना मुसळी थांबवून सांगत. "लोक म्हणतात वांगी चांगली, मिरची चांगली. ते काही नाही. चव आहे ती झुलाल आजोबांच्या हाताची."

पाहुणे माना डोलवत, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीवर भरीत वाढून घेत. नानांची बायको कोकिळाबाई चुलीपुढं भाकऱ्या थापत असे. गोष्ट सुरू झाली की ती पिठातून मान वर काढत नसे. कारण ती बडगी झुलाल आजोबांची नव्हती, आणि हे जगात दोघांनाच माहीत होतं. एक ती, आणि दुसरे मागच्या गल्लीतले फारुख मिस्त्री.

बावीस वर्षांपूर्वी नाना भजनी मंडळाबरोबर अठरा दिवस काशी-प्रयागला गेले होते. चौथ्या दिवशी कोकिळाबाईला फळीवरचा पापडाचा डबा काढायचा होता. घरातलं स्टूल शेजारी सत्यनारायणाला गेलेलं. तिनं इकडंतिकडं पाहिलं, कोपऱ्यातली बडगी पालथी घातली आणि तिच्यावर चढली. डबा हाताला लागला तेवढ्यात पायाखाली आवाज झाला. बडगी या टोकापासून त्या टोकापर्यंत उभी चिरली होती. कोकिळाबाईला लागलं काहीच नाही, पण ती बराच वेळ फरशीवर बसून राहिली, मांडीवर पापडाचा डबा घेऊन.

दुपारी दोन्ही तुकडे चादरीत गुंडाळून ती फारुख मिस्त्रींकडं गेली. त्यांनी चिरलेल्या कडांवरून अंगठा फिरवला.

"भाभी, ही जुळणार नाही. सरस लावला तरी गरम वांगी पडली की सुटेल. आणि सरस काय खायची वस्तू आहे?"

"मग नवी करा. अश्शीच."

"कडुनिंब ओलाच मिळेल. ओल्यातून केली तर महिनाभरात तडकेल. वाळलेलं लाकूड पाहिजे."

त्यांच्याकडं एका पाडलेल्या घराच्या सागवानी तुळईचा तुकडा होता. पन्नास वर्षं छप्पर पेलून हाडासारखा वाळलेला. तो आरा मशीनवर नेऊन जाडीत कापून आणला, आणि मग पुढचे नऊ दिवस मिस्त्रींनी दुसरं काम घेतलं नाही. जुन्या तुकड्यांची मापं घेतली. दोन टोकांच्या मुठींचा बाक तसाच आणला. शेवटी नव्या लाकडाला जुना रंग यावा म्हणून लोखंडाचा गंज भिजवलेलं पाणी, चहाचा कोळ आणि शेंगदाण्याच्या तेलात कालवलेली काजळी असं काय काय आळीपाळीनं चोळलं.

"कोणाले सांगू नका, फारुखभाऊ," बडगी चादरीत बांधताना कोकिळाबाई म्हणाली.

"नाही सांगणार."

आणि त्यांनी खरंच कोणाला सांगितलं नाही. बायकोला, सकीनालासुद्धा नाही.

नाना काशीहून आले. पहिल्या भरिताला त्यांनी बडगी उचलली आणि म्हणाले, "हलकी लागू राह्यली."

"सोड्यानं धुतली, उन्हात वाळवली, मग तेल पाजलं."

"बरं केलं," नाना म्हणाले. विषय तिथंच संपला, आणि बावीस वर्षं संपलेलाच राहिला.

यंदा डिसेंबरात नाना एका साखरपुड्याला जळगावला गेले, ते खुशीत परत आले. तिथं त्यांना दिपमाला नावाची कॉलेजातली एक प्राध्यापिका भेटली होती. इतिहास शिकवायची. ती घरातल्या रोजच्या वापराच्या वस्तूंचं प्रदर्शन भरवणार होती. तलवारी नाहीत, नाणी नाहीत. शेवयांचा पाट, कंदील, जात्याचा खुंटा असल्या वस्तू. नानांनी तिला बडगीची गोष्ट जेवणाच्या पंगतीतच सांगून टाकली होती.

"रविवारी येणार आहे ती. बडगीचा अभ्यास कराले."

"बडगीचा कसला अभ्यास?" कोकिळाबाईनं विचारलं.

"मोजणार, वजन करणार, भिंगातून पाहणार. ती म्हणे, वस्तू नीट पाहिली की कशाची आहे, कोणत्या हत्यारानं केली, किती जुनी आहे, बठ्ठं कळतं. कागदपत्र लागत नाही."

"रविवार म्हणजे परवा?"

"परवाच."

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना दाढी करायला बाहेर पडले आणि कोकिळाबाई मागच्या गल्लीत गेली. फारुख मिस्त्री ओट्यावर बसून एका पोळपाटाला पाय बसवत होते. आता अडुसष्ट वर्षांचे होते, दारं-खिडक्यांची कामं सोडून दिली होती, पण हात रिकामा ठेवत नसत. तिनं सगळं सांगितलं. मिस्त्रींनी पोळपाट खाली ठेवला.

"भिंग कसलं आहे? मोठं?"

"मले काय माहीत. तुम्ही सांगा, कळंल का तिले?"

मिस्त्री विचारात पडले. "बाहेरून नाही कळणार. आत नाही कळणार. एका मुठीच्या खाली तुळईच्या खिळ्याचं भोक होतं, ते मी बुजवलंय. सागाचीच खुंटी मारली, रेषेला रेष मिळवून. आणि दुसऱ्या मुठीच्या बगलेत रंधा जात नव्हता. तिथं पटाशीनं तासलं, पण आऱ्याच्या खुणा थोड्या राहिल्या असतील." मग स्वतःच म्हणाले, "राहिल्याच आहेत. घाई होती ना तेव्हा."

"मग आता?"

"मी पण येतो उद्या."

"तुम्ही येऊन काय करणार?"

"काही नाही. बसतो," मिस्त्री म्हणाले. कोकिळाबाईला वाटलं ते तिला धीर द्यायला येतायत. ते थोडंफार खरं होतं. पण मिस्त्रींना दुसरंही काही हवं होतं. आयुष्यात त्यांनी केलेलं सगळ्यात चांगलं काम कुणीतरी शिकलेलं माणूस भिंगातून पाहणार होतं, आणि ते पाहताना तिचा चेहरा कसा होतो हे त्यांना बघायचं होतं.

रविवारी दहाच्या सुमाराला दिपमाला आली. वय असेल तिशीचं, खांद्याला मोठी पिशवी. त्यातून तिनं टेप, वजनाचा काटा, टॉर्च, मऊ ब्रश आणि दोन भिंगं काढून ओसरीतल्या सतरंजीवर ओळीनं मांडली. नाना खुर्ची पुढं ओढून बसले. फारुख मिस्त्री खांबाला टेकून.

"तर ऐक बरं का," नानांनी सुरुवात केली, "विहिरीवर कडुनिंब होता..."

"नाना, पंगतीत ऐकली ती गोष्ट सध्या विसरायची, शेवटी पुन्हा ऐकते," ती हसून म्हणाली. "आधी मी फक्त जे दिसतं, हाताला लागतं, तेवढंच लिहिते. नाहीतर काय होतं, गोष्ट डोक्यात असली की डोळ्यांना तेच दिसायला लागतं."

नानांना गप्प बसणं जड गेलं, पण बसले. लांबी चौऱ्याहत्तर सेंटिमीटर, रुंदी बावीस, आतली खोली नऊ. वजन पाच किलो चारशे. दिपमाला एकेक आकडा मोठ्यानं म्हणायची आणि वहीत लिहायची. मग तिनं बडगी मांडीवर घेतली, डोळे मिटले आणि आतल्या बाजूनं सावकाश हात फिरवला.

"हात फार चांगला आहे," ती म्हणाली. "कुठंही उंचवटा नाही. आतली गोलाई दोन्ही बाजूंनी अगदी सारखी. हे मशीनवर नाही होत."

"मग सांगतोय काय मी," नाना म्हणाले.

फारुख मिस्त्रींनी खांबावरची पाठ सरळ केली. "मॅडम, मुठी पण बघा. मुठींचा बाक."

"हो, मुठी सुंदर आहेत. मुठीत वेगळा तुकडा जोडलेला नाही, त्याच लाकडातून काढलेल्या आहेत. वेळ लागला असेल याला."

"लागतो," मिस्त्री म्हणाले, आणि कोकिळाबाईनं आतून त्यांच्याकडं असं पाहिलं की ते पुन्हा खांबाला टेकले.

दिपमालानं नानांना वांगी ठेचल्यासारखं करून दाखवायला सांगितलं. नाना मांडी घालून बसले, डाव्या हातात मूठ, उजव्यात मुसळी. तिनं बुडाची जाडी दोन-तीन ठिकाणी मोजली. "झीज एकाच जागी आहे. तुमचा हात पडतो तिथंच. आधी आणखी कोणी वापरायचं का?"

"आबा वापरायचे, माझे वडील. त्यांच्या आधी आजोबा."

"ते पण उजव्या हातानं?"

"आबा डावखुरे होते," नाना म्हणाले, आणि पुढं काय विचारतेय याची वाट पाहू लागले. तिनं फक्त लिहिलं. मग बडगी पालथी घातली, टॉर्च आडवा धरला आणि एका मुठीच्या खाली भिंग लावलं. तिथं ती बराच वेळ थांबली. मग दुसऱ्या मुठीच्या बगलेत. वहीत चार-पाच ओळी लिहिल्या. या वेळी मोठ्यानं काही बोलली नाही.

"अक्का, हात धुवायचे होते," ती म्हणाली.

कोकिळाबाई तिला मोरीकडं घेऊन गेली आणि तांब्यानं पाणी घालू लागली. तिचं लक्ष ओसरीकडं होतं, पाणी दिपमालाच्या मनगटावर सांडत होतं.

"मनी आजी बी असंच पाणी टाके," दिपमाला सहज म्हणाली. "कोपरापर्यंत भिजाडी दे."

मनी म्हणजे माझी; हे अहिराणी बोलणं ओळखून कोकिळाबाईनं विचारलं, "तू शिरपूरकडची का?"

"शिरपूरजवळचीच." तिनं हात झटकले. मग आवाज खाली आणून म्हणाली, "अक्का, बडगी कडुनिंबाची नाही ना?"

कोकिळाबाईनं तांब्या खाली ठेवला. बावीस वर्षं जे कुणाला सांगितलं नव्हतं ते तिनं या तासाभराच्या ओळखीच्या मुलीला मोरीजवळ उभं राहून सांगून टाकलं. पापडाचा डबा, चादर, तुळई, काजळी, सगळं. सांगून झाल्यावर तिला एकदम भूक लागल्यासारखं वाटलं.

"मी नानांना काही बोलणार नाही," दिपमाला म्हणाली. "तो तुमच्या घरचा प्रश्न आहे. पण प्रदर्शनात पाटी लावावी लागते. पाटीवर खोटं नाही लिहिता येणार मला."

"मग काय लिहशीन?"

"घडवणारा अज्ञात, असं लिहीन."

"अज्ञात कसा?" कोकिळाबाई म्हणाली. "बाहेर खांबाले टेकून बसेल आहे तो."

बाहेर मात्र वेगळंच चाललं होतं. दिपमाला वही सतरंजीवर उघडीच टाकून आत गेली होती. नानांनी चष्मा लावला आणि वही ओढून घेतली. त्यात वाईट काही नव्हतं; आपल्या बडगीबद्दल काय चांगलं लिहिलंय ते त्यांना वाचायचं होतं. फारुख मिस्त्रींना फक्त त्यांचे ओठ हलताना दिसले.

वहीत लिहिलं होतं: 'लाकूड साग. आधी इमारतीत वापरलेलं असावं. मुठीखाली खिळ्याचं भोक, गंजाचा डाग, खुंटीनं बुजवलेलं, अत्यंत सफाईनं. दुसऱ्या मुठीच्या बगलेत गोल आऱ्याच्या कमानदार रेघा. झीज एकाच माणसाची. वय पंचवीस-तीस वर्षांहून जास्त वाटत नाही.'

नाना चौतीस वर्षं जिनिंग मिलमध्ये कापूस तपासायला होते. गाडीत वरचा कापूस कोरडा आणि आत ओला घातलेला असला तर नुसता हात खुपसून ओळखायचे. दुसऱ्यानं सांगितलेलं ते कधी मानत नसत, स्वतः पाहत. त्यांनी बडगी पालथी केली, टॉर्च दिपमालासारखाच आडवा धरला आणि भिंग लावलं. मिलच्या शेजारीच आरा मशीन होतं. त्या पात्याच्या रेघा कशा दिसतात हे त्यांना सांगायला कोणी लागत नव्हतं.

दिपमाला आणि कोकिळाबाई बाहेर आल्या तेव्हा नाना बडगी मांडीवर घेऊन बसले होते.

"कोकिळा," ते म्हणाले, "ही कुठून आली?"

तिला काही तरी बनवून सांगता आलं असतं. पण एकदा सांगून झालेलं होतं, आणि दुसऱ्यांदा सांगणं सोपं गेलं. नानांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "आणि आजोबांची?"

"बंबात घातली."

"दोन्ही तुकडे?"

"दोन्ही. एक सोमवारी, एक गुरुवारी."

"पंडितभाऊ, यात माझीही चूक..." फारुख मिस्त्री बोलायला लागले.

"तू थांब," नाना म्हणाले. बडगी हळूच सतरंजीवर ठेवली, चपला घातल्या आणि स्टेशनच्या रस्त्याला लागले.

दिपमाला खूप ओशाळली. वही उघडी टाकायला नको होती, असं चार वेळा म्हणाली. कोकिळाबाईनं तिला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. बडगी दिपमालानं नेली नाही, आणि कोणी ने असं म्हणालंही नाही.

नाना तिन्हीसांजेच्या आधी परत आले. स्टेशनवर बाकावर बसून दोन पॅसेंजर आणि एक मालगाडी पाहून आले होते. जेवले. पण पुढचे तीन दिवस घरात कामापुरतंच बोलणं झालं. मीठ दे, दिवा लाव, दूधवाला आला. बडगी ओसरीत तशीच पडून होती आणि दोघंही तिला वळसा घालून जात होते.

चौथ्या दिवशी कोकिळाबाई ओसरीत वालाच्या शेंगा सोलत बसली होती. नाना समोर येऊन बसले आणि एक शेंग उचलून सोलू लागले.

"बावीस वर्षं मी सांगत होतो, आणि तू भाकऱ्या थापत ऐकत होती," ते म्हणाले. "मनातल्या मनात हसत असशीन."

"नाही हो. पहिल्या साली नुसती भीती वाटे. दुसऱ्या-तिसऱ्या साली लाज वाटे. मग पुढं पुढं मलेही खरंच वाटू लागलं. तुम्ही सांगताच इतकं चांगलं. वादळात तो कडुनिंब पडते ना, त्याचा आवाज येते मले."

नानांनी आणखी एक शेंग सोलली.

"ते वादळ मी घातलं," ते म्हणाले.

"काय?"

"आबा सांगत तव्हा त्यात वादळ नव्हतं. झाडाले कीड लागली होती, म्हणून तोडलं. वादळ मी घातलं. एकदा पार्टीत पाहुणे गप्पा मारू राह्यले, कोणी ऐके ना, म्हणून घातलं. मग तेच चालू राह्यलं."

कोकिळाबाईनं सोललेल्या शेंगा बाजूला सारल्या. "आणि सात दिवस?"

"दोन वर्षं लागली त्याले. झुलाल आजोबा भारी आळशी होते. अर्धी कोरून ठेवली आणि तिच्यात कोंबड्यांले पाणी पाजे. आजीनं अबोला धरला तव्हा पुरी केली."

कोकिळाबाईला हसू आवरेना. तिनं पदर तोंडाला लावला. नाना आधी तिच्याकडं रागानं पाहत राहिले, मग त्यांच्याही खांद्यांना हसू आलं. सोललेले दाणे सतरंजीभर सांडले आणि दोघांनी ते वेचून घेतले.

त्याच दुपारी नाना मागच्या गल्लीत गेले. फारुख मिस्त्री त्यांना पाहून उठून उभे राहिले.

"बस," नाना म्हणाले आणि स्वतःही ओट्यावर बसले. "मले एक सांग. तू दरसाल जेवाले येतो. मी तुझ्याच तोंडासमोर तुझ्या कामाचं नाव आजोबांच्या खात्यात टाकतो. तुले काही वाटत नव्हतं?"

"वाटायचं," मिस्त्री म्हणाले. "पण भाऊ, सुताराला तोंडावर कोण चांगलं म्हणतं? दार घासतं, खिडकी लागत नाही, पलंग करकरतो, एवढंच ऐकू येतं. चाळीस वर्षं तेच ऐकलं. तुमच्या पार्टीत वर्षातून एकदा पन्नास माणसं माझ्या कामाला वाहवा म्हणायची. नाव कुणाचं का असेना, कान तर माझेच होते. मी चुकवली नाही एकही पार्टी."

नानांनी त्यांच्याकडं नीट पाहिलं. चाळीस वर्षांच्या शेजारात असं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"आता मले सगळं सांग," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून. तुळई कोणाच्या घरची, आऱ्यावर कशी नेली, नऊ दिवसांत कोणत्या दिवशी काय केलं. काही सोडू नको."

"कशाला?"

"अरे, पुढच्या पार्टीत सांगू काय मी?"

मिस्त्री सांगू लागले आणि नाना ऐकू लागले. खिळ्याच्या भोकाची खुंटी रेषेला रेष मिळवून कशी बसवली, इथवर सांगणं आल्यावर नानांनी मिस्त्रींना आपल्या ओसरीतून बडगी आणायला लावली आणि ती जागा बोटानं दाखवायला लावली. नखानं चाचपूनही फट लागली नाही. सकीना चहा घेऊन आली तेव्हा दोघं गप्प झाले, कारण तिला अजून काही माहीत नव्हतं.

नानांनी संध्याकाळी दिपमालाला फोन केला. "ये आणि घेऊन जा. पाटीवर नाव लिही, फारुख मिस्त्री, बोदवड. आणि ते 'अत्यंत सफाईनं' असं लिहिलंय ना वहीत, तेही लिही."

जानेवारीत जळगावला कॉलेजच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरलं. फारुख मिस्त्री इस्त्रीचा सदरा घालून, सकीनाला घेऊन आले. लांब टेबलांवर पाट, विळ्या, सुपं, अडकित्ते मांडले होते. बडगी मधल्या टेबलावर होती, पालथी नाही, उताणीही नाही. दिपमालानं ती दोन ठोकळ्यांवर तिरपी ठेवली होती, म्हणजे आतली गोलाई आणि खालची खुंटी दोन्ही दिसाव्यात. खुंटीजवळ एक भिंग दोरीला बांधून ठेवलं होतं. नाना टेबलाशेजारी उभे होते. त्यांना कोणी उभं केलं नव्हतं.

"मी तिकडं गंगेत डुबकी मारू राह्यलो," ते विद्यार्थ्यांच्या एका घोळक्याला सांगत होते, "आणि इकडं माझी बायको फुटलेली बडगी घेऊन, तोंडावर पदर ओढून, भर दुपारी गल्लीतून चाललेली. समोरून साक्षात माझा मोठा भाऊ."

"भाऊजी कुठी भेटले होते मले?" कोकिळाबाई मागून म्हणाली.

"नव्हते भेटले?"

"नाही."

"बरं, भाऊ नाही भेटला," नाना घोळक्याला म्हणाले आणि पुढं सांगू लागले. पोरं हसत होती, भिंगातून वाकून पाहत होती.

सकीनानं पाटी एकदा वाचली. मग दुसऱ्यांदा, प्रत्येक शब्दावर बोट ठेवून.

"हे तुम्ही केलं?"

"हो."

"कधी?"

"बावीस वर्षं झाली."

"आणि मला नाही सांगितलं?"

"भाभींना जबान दिली होती."

पुढच्या टेबलांवरचं सगळं सकीनानं शांतपणे पाहिलं, शेवयांच्या पाटापाशी थांबली, दिपमालाशी दोन शब्द बोलली. एसटीत बसल्यावर, जळगाव मागं पडल्यावर म्हणाली, "नऊ दिवस दुसरं काम घेतलं नव्हतं तुम्ही. मला सांगितलं होतं कंबर धरलीय. मी नऊ दिवस तुमच्या कमरेला लसणाचं तेल चोळलं."

मिस्त्रींनी खिडकीबाहेर पाहिलं. "चोळलं होतंस खरं."

"आपल्या घराला कधी एक बडगी केली नाही."

केळीच्या बागा मागं पडत होत्या. भुसावळला बस थांबली तेव्हा मिस्त्रींनी उतरून तिला शेंगदाणे आणून दिले. तिनं ते घेतले, पण त्यांना दिले नाहीत.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी फारुख मिस्त्रींच्या ओट्यावर लाकडाचा एक ओंडका येऊन पडला. सागाचा नव्हता, शिवणीचा होता, दोन वर्षं सावलीत वाळवलेला. चोपड्याकडच्या एका ओळखीच्या वखारवाल्याकडून त्यांनी तो मागवला होता. आरा मशीनवर नेला नाही. खडूनं आकार काढला आणि वाकस घेऊन बसले. पहिले चार-पाच घाव जपून, मग हात बसला तसे सारखे. सकीना दारात उभी राहून पाहत होती. तिनं मुठी केवढ्या हव्यात ते हातानं दाखवलं. तिचे हात लहान होते, त्यामुळं मिस्त्रींनी खडू पुसून मुठी पुन्हा बारीक काढल्या.

तासाभरानं नाना आले, आणि ओंडक्याचं दुसरं टोक धरून समोर बसले.

"सात दिवसांत होईल का?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही हलवलं नाही तर दहा दिवसांत होईल," मिस्त्री म्हणाले.

नानांनी टोक घट्ट धरलं. पांढरट-पिवळे ढलपे ओट्यावर, नानांच्या धोतरावर, खाली गल्लीत उडत राहिले. थोड्या वेळानं कोकिळाबाई सगळ्यांसाठी चहा घेऊन आली आणि सकीनाशेजारी पायरीवर बसली.